चौदा महिने स्क्रीनवरची भक्ती: आमच्या चर्चच्या ऑनलाइन सेवेचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एक-दोन रविवार बघून लिहिलेला नाहीये. चौदा महिने झाले, म्हणजे साठेक रविवार, मी आणि माझी आई आमच्या चर्चची भक्ती घरात स्क्रीनवर बघतोय. आईचं कमरेचं हाड मोडलं आणि त्यानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही, तिला एकटं ठेवून बाहेर पडणं मला जमत नाही, म्हणून मीही घरीच. त्याआधी वीस-बावीस वर्षं मी क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गायचे, त्यामुळे खाली गाण्याबद्दल आणि आवाजाबद्दल जरा जास्त लिहिलं जाईल, ज्यांना त्यात रस नाही त्यांनी तो भाग सोडून पुढे वाचावं. चर्चचं नाव मुद्दाम देत नाहीये. आमची मंडळी मनाने चांगली आहे आणि ज्या उणिवा मी लिहितेय त्या आज जवळपास प्रत्येक चर्चच्या ऑनलाइन सेवेत सापडतील असं मला वाटतं.

सेवेत काय काय मिळतं ते पटकन. रविवारची भक्ती लाइव्ह, नंतर आठवडाभर रेकॉर्डिंग, चॅटमध्ये एक होस्ट असतो जो सगळ्यांना सुप्रभात म्हणतो आणि वचनाचे संदर्भ टाकतो, प्रार्थनेची विनंती पाठवायला फॉर्म, दानासाठी बटण, आणि बुधवारी व्हिडिओ कॉलवर छोटा गट. चित्र स्वच्छ येतं, तीन कॅमेरे आहेत, मध्ये तुटत नाही. त्याबद्दल तक्रार नाही.

संदेशाबद्दल, म्हणजे पाळकांच्या प्रवचनाबद्दल, पहिलं लिहिते कारण तिथे ही सेवा खरंच आशीर्वाद ठरली. आईला गेली पाच-सहा वर्षं चर्चमध्ये बसून संदेश नीट ऐकूच येत नव्हता. उंच छत, घुमणारा आवाज, त्यात तिचे कान कमजोर, आणि ती कोणाला काही बोलायची नाही, नुसती मान हलवत बसायची. मला हे माहीतच नव्हतं. पहिल्या रविवारी हेडफोन लावून दिला आणि संदेश संपल्यावर ती म्हणाली, अगं पाळकसाहेब किती सोपं करून सांगतात, मला आज कळलं. शेजारच्या बाकावर बसून इतकी वर्षं मला हे दिसलं नाही याचं फार वाईट वाटलं. आता ती मला मध्येच थांबवायला लावते, तो उतारा परत वाच म्हणते, कधीकधी एका संदेशाला आम्हाला दोन दिवस लागतात. खाली अक्षरं येतात ती आपोआप तयार होतात, त्यात बायबलमधली नावं चुकतात, पण ज्याला कमी ऐकू येतं त्याला तेवढाही आधार मोठा असतो. ज्या चर्चमध्ये वयस्कर माणसं आहेत तिथे, ऑनलाइन सेवा असो नसो, त्यांना शेवटच्या बाकावर खरंच ऐकू जातंय का हे कोणीतरी जाऊन विचारा. ती आपणहून सांगणार नाहीत.

आता गाणं. इथे मी जरा जास्त वेळ थांबणारे.

स्क्रीनवर गीत सुरू झालं की लीड सिंगरचा आवाज, बाजूच्या दोघांचा आवाज, कीबोर्ड, गिटार, ड्रम, सगळं कसं छान वेगवेगळं ऐकू येतं. मंडळी मात्र मुकी. कॅमेरा बाकांवरून फिरतो तेव्हा ओठ हलताना दिसतात, आवाज शून्य. कारण साधं आहे, स्ट्रीमला जाणारा आवाज मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक जोडलेल्या यंत्रातून, जातो आणि मिक्सरमध्ये त्यांचाच आवाज पोचतो ज्यांच्यासमोर माइक आहे, बाकांवर बसलेल्या दोनशे माणसांसमोर माइक नसतो. हॉलमध्ये बसलेल्या माणसाला हे कधी जाणवतच नाही कारण त्याच्या कानावर आजूबाजूचं सगळं पडत असतं. पण घरी बसलेल्याला वाटतं की भक्ती पाचच जण करतायत आणि बाकीचे बघतायत. पहिले दोन-तीन महिने मी बरोबरीने गायचा प्रयत्न केला. मग आवाज हळू झाला, मग नुसते ओठ, मग एक दिवस लक्षात आलं की गीत चालू असताना मी कपड्यांच्या घड्या करतेय. क्वायरमध्ये आयुष्य घालवलेली बाई, आणि तीन महिन्यांत गायचं सोडून दिलं.

हे फक्त माझ्या मनाचं दुबळेपण होतं असं मला वाटत नाही. मंडळीचं गाणं हे मुळातच एकमेकांसाठी असतं. कलस्सैकरांस पत्रात पौल सांगतो की स्तोत्रं, गीतं आणि आत्मिक गायनं यांनी एकमेकांना शिकवा आणि बोध करा. शब्द बघा, एकमेकांना. देवाची स्तुती तर आहेच पण शेजारी उभा असलेला माणूस मला विश्वास शिकवतोय, त्याचा गळा भरून आलेला मला ऐकू येतोय, परवा ज्याने मुलगा पुरला तो आज पुनरुत्थानाचं गीत गातोय, आणि हे ऐकून माझा डळमळलेला विश्वास सावरतोय. तो आवाजच कापून टाकला तर गीत चांगलं वाजतं पण त्याचं अर्धं काम होत नाही.

आणि मंडळीच्या तोंडचं गाणं काढून घेतलं जाण्याची ही काही पहिली वेळ नाहीये, म्हणून मला जास्त लागतं. मध्ययुगात पश्चिमेकडच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे तिथली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची, गायचं काम मुख्यतः धर्मगुरूंचं आणि क्वायरचं, लोक उभे राहून बघायचे. 1524 मध्ये न्यूरेंबर्गला जर्मन भाषेतल्या गीतांची एक छोटी पुस्तिका छापली गेली, त्यात फक्त आठ गीतं होती, चार धर्मसुधारक मार्टिन लूथरची, आणि त्या एवढ्याशा गोष्टीपासून सामान्य माणसाच्या तोंडी गीत परत आलं. कॅथलिक मंडळीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 ला उपासनेवरचा जो दस्तऐवज मंजूर केला त्यातही सगळ्यात जोर याच्यावरच होता की लोकांनी उपासनेत पूर्ण, जाणतेपणी आणि सक्रिय भाग घ्यावा. म्हणजे इतक्या वेगळ्या परंपरा, चारशेपेक्षा जास्त वर्षांचं अंतर, आणि दोघांनाही एकच गोष्ट लोकांच्या हातात परत द्यावी लागली. आणि आता आम्ही दिवे मंदावून, आवाज वाढवून, कॅमेरा स्टेजवर लावून तीच गोष्ट परत काढून घेतोय आणि कोणी वाईट हेतूने करत नाहीये हे मला माहितीये, चांगलं दिसावं म्हणूनच सगळे राबतायत.

नवीन गाण्यांवर माझा राग नाही हेही लिहून ठेवते, नाहीतर लोक म्हणतील जुन्या क्वायरवाली बोलतेय. नव्यातली कितीतरी गीतं आईला पाठ आहेत. अडचण पट्टीची आहे. रेकॉर्डिंगमध्ये तो तरुण गायक ज्या पट्टीत गातो त्याच पट्टीत आमची टीम उचलते, आणि शेवटच्या कडव्यात सप्तक वर उडी मारते. साध्या माणसाचा आवाज आरामात फिरतो तो जेमतेम एक सप्तक, फार तर एखाद-दुसरा स्वर जास्त. त्याच्या वर गेलं की पुरुष गप्प होतात, बायका खालच्या सप्तकात जातात आणि तिथे आवाज इतका खोल पडतो की त्याही गप्प होतात. दोन-तीन स्वर खाली आणलं की तेच गीत सगळी मंडळी गाते, मी प्रत्यक्ष बघितलंय. मेथोडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने 1761 मध्ये गाण्याबद्दल काही सूचना छापल्या होत्या, त्यात सगळ्यांनी गा, थोडा थकवा किंवा अशक्तपणा आला म्हणून गायचं सोडू नका असं आहे, आणि असंही आहे की बाकीच्या मंडळीच्या वर आपला आवाज ऐकू जाईल असं ओरडू नका. त्याच्या वेळी माइक नव्हते. आज तो सल्ला गायकापेक्षा मिक्सरवर बसलेल्या मुलाला जास्त लागू आहे.

एका रविवारी तर दोन गीतं पूर्ण म्यूट होती, नुसते हलणारे हात. कॉपीराइटचा प्रश्न होता. बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते, चर्चमध्ये गीत गाणं वेगळं आणि ते प्रसारित करणं वेगळं. अमेरिकेच्या कायद्यातसुद्धा उपासनेच्या जागी भक्तीच्या वेळी गायला सूट आहे पण ती सूट प्रसारणाला लागू नाही, आणि सीसीएलआय सारख्या संस्था गीतांचे शब्द छापायचा परवाना वेगळा आणि स्ट्रीमिंगचा परवाना वेगळा देतात. आमच्यांनी दुसरा घेतलाच नव्हता. नंतर घेतला, विषय संपला.

दुसरी एक गोष्ट आहे जी कबूल करायला जड जातं. रेकॉर्डिंग बघायची सवय लागली की बोट स्क्रीनवर जातं. आईचं स्पंज करायला उशीर झाला, लाइव्ह चुकलं, मग दुपारी रेकॉर्डिंग लावायचं, सूचना पुढे ढकल, गीतं पुढे ढकल, थेट संदेश, तोही दीडपट वेगाने. एका दुपारी पाळकसाहेब पापकबुलीच्या प्रार्थनेला सगळ्यांना शांत राहायला सांगत होते, आमच्याकडे ती शांतता जवळजवळ एक मिनिट असते, आणि मी ते मिनिट पुढे ढकललं. आई म्हणाली, थांब की, मला अजून सांगायचं होतं. ती डोळे मिटून देवाशी बोलत होती आणि मी तिच्या हातातून ते मिनिट काढून घेतलं. बाकावर बसून ही सोयच नसते, तिथे शांतता आली की ती सोसावी लागते आणि त्या सोसण्यातच काहीतरी होतं. घरी मी तेच गाळत होते जे त्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त हवं होतं, कारण त्या आठवड्यात मी आईवर दोनदा ओरडले होते. त्यानंतर आमच्या घरात नियम झाला, लाइव्ह असो रेकॉर्डिंग असो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच वेगात. हा नियम मी सगळ्यांना सुचवेन.

उशिराचंही सांगायला हवं. लाइव्ह म्हणतात पण स्ट्रीम घरी पोचेपर्यंत बरेच सेकंद मागे असतो, आमच्याकडे वीसेक सेकंद. पाळक म्हणतात देव तुमच्याबरोबर असो, तिकडे मंडळीचं उत्तर होऊनही गेलेलं असतं, आम्ही इथे उत्तर देतो, आणि चॅटमधले आमेन तर पुढचं वाक्य अर्ध्यावर आलं की येतात. बुधवारच्या गटात व्हिडिओ कॉलवर सगळे मिळून एक कडवं गायचा प्रयत्न केला तर दोन ओळींत सगळं विस्कटलं. यात कोणाचा दोष नाही, तीसेक मिलिसेकंदांच्या पुढे उशीर झाला की माणसांना एका तालात राहणं अवघड जातं आणि कॉलवर उशीर त्याच्या कितीतरी पट असतो. शेवटी ठरलं की एकाने गायचं आणि बाकीच्यांनी माइक बंद करून. बरं आहे, पण एकत्र गाण्याला एकत्र हवा लागते हे तेव्हा पटलं.

मग हे सगळं बंद करावं का, तर अजिबात नाही, आणि जे म्हणतात की इब्री लोकांस पत्रात एकत्र येणं सोडू नका म्हटलंय म्हणून ऑनलाइन भक्ती चूक, त्यांनी एकदा माझ्या आईच्या पलंगाशेजारी बसून बघावं. भक्ती घराबाहेर पाठवण्याची धडपड फार जुनी आहे. पहिल्यांदा रेडिओवरून भक्ती ऐकवली गेली ती 2 जानेवारी 1921 ला, पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधून, केडीकेए स्टेशनवरून, आणि ते स्टेशन सुरू होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. त्या दिवशी तंत्रज्ञांना क्वायरचे झगे घालून बसवलं होतं म्हणे, लोकांचं लक्ष उडू नये म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते. यंत्र सांभाळणारी माणसंही क्वायरच्या कपड्यात, भक्तीचाच भाग. त्याहूनही मागे जा, असिसीची संत क्लेअर. आजारपणामुळे तिला नाताळच्या मिस्साला जाता आलं नाही आणि परंपरा सांगते की ती मिस्सा तिला खोलीतच दिसली आणि ऐकू आली. याच आठवणीवरून पोप बारावे पायस यांनी 1958 मध्ये तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत म्हणून जाहीर केलं. मी प्रोटेस्टंट, आमच्यात संतांकडे मागत नाहीत, पण त्या निवडीतली समज मला बरोबर वाटते. स्क्रीन कोणासाठी, तर जिला उठता येत नाही तिच्यासाठी. जी उठू शकते आणि फक्त रविवारी आराम हवा म्हणून स्क्रीन लावते, तिच्यासाठी ही सेवा बनवायची म्हटली की सगळंच बदलतं, मग कॅमेऱ्याचे अँगल आणि किती जणांनी बघितलं याच्या चर्चा होतात. आमच्या चर्चचा तोल या दोघींच्या मध्ये कुठेतरी आहे आणि मला वाटतं तो दुसरीकडे जास्त झुकलाय.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या, रविवारी हे फार टोचतं. होस्ट चॅटमध्ये लिहितो, आपापली भाकर आणि द्राक्षरस तयार ठेवा. कॅथलिक मंडळी हे मान्यच करत नाही, व्हॅटिकनच्या 2002 च्या इंटरनेटवरच्या दस्तऐवजात स्पष्ट आहे की पडद्यावरचा अनुभव हा साक्रामेंतातल्या, म्हणजे या भाकर-द्राक्षरसातल्या, ख्रिस्ताच्या खऱ्या उपस्थितीची जागा घेऊ शकत नाही. आम्हा प्रोटेस्टंटांमध्ये एकमत नाही, काही मंडळ्या घरी घ्या म्हणतात, काही थांबा म्हणतात. मी काही ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. मी एवढंच सांगू शकते की चार वेळा आम्ही तसं घेतलं, मीच भाकर मोडायची, मीच आईला द्यायची आणि मग मीच स्वतः घ्यायची, आणि चौथ्या वेळी आई म्हणाली, मला कोणीतरी आणून दिलं पाहिजे गं. मुलीने भरवणं तिला रोजचंच होतं. तिला हवी होती मंडळी.

आणि इथे मला दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरची आठवण झाली, ज्याने साधारण इसवी सन 155 च्या सुमाराला रोममधून सम्राटाला लिहिलेल्या निवेदनात ख्रिस्ती लोकांच्या रविवारचं वर्णन केलंय. सगळे एकत्र येतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणं वेळ असेल तेवढी वाचतात, पुढारी बोध करतो, उभे राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षरस, लोक आमेन म्हणतात, आणि मग जे हजर नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यातला भाग घेऊन जातात. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी, छळाच्या दिवसांत, जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी ठरलेली व्यवस्था होती. ती व्यवस्था म्हणजे चालत येणारा माणूस. मी हे पाळकसाहेबांना मेसेज करून विचारलं आणि ते स्वतः आले, त्याच संध्याकाळी, बरोबर मंडळीतले एक वडील. आईने त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. तेव्हापासून दर महिन्याला कोणी ना कोणी येतं. म्हणजे सेवा होती, फक्त ऑनलाइन सोय आहे म्हटल्यावर आम्ही त्यात भागवून घेतोय असं सगळ्यांनी धरलं होतं. यात माझीही चूक आहे, मी आधी बोलले नाही.

प्रार्थनेच्या फॉर्मला मात्र मी एकही स्टार देणार नाही. दानाचं बटण प्रत्येक पानावर, प्रत्येक वेळी, डोळ्यासमोर. प्रार्थनेची विनंती शोधायला तीन क्लिक आत जावं लागतं. आईला न्यूमोनिया झाला त्या रात्री दोन वाजता मी तो फॉर्म भरला. लगेच उत्तर आलं की आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करत आहोत, पण रात्री दोन वाजता कोणी जागं नव्हतं, ते उत्तर आपोआप गेलेलं होतं. त्यानंतर नऊ दिवस कोणाचा फोन नाही. कोणी प्रार्थना केली का, नाव कोणी वाचलं का, मला कळायला मार्ग नव्हता. जे वाक्य खरं नाही ते देवाच्या नावाने यंत्राकडून पाठवू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. त्यापेक्षा लिहा की तुमची विनंती मिळाली आहे, उद्या सकाळी अमुक वेळेपर्यंत आमच्यातलं कोणीतरी वाचेल आणि फोन करेल. आणि मग खरंच फोन करा.

फोन शेवटी आला तो फॉर्ममुळे नाही, क्वायरमधल्या एका मावशींमुळे. त्यांना इंटरनेट वापरता येत नाही. त्यांनी वहीत गैरहजर लोकांची नावं लिहून ठेवलीत आणि दर मंगळवारी एकेकाला फोन करतात. मला पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो आईबद्दल नव्हता, विचारलं, तू प्रार्थना करू शकतेस का अजून? मी खूप रडले. मेथोडिस्टांच्या इतिहासात 1742 ची ब्रिस्टलची एक गोष्ट आहे, सभागृहाचं कर्ज फेडायला ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि बारा-बारा जणांमागे एकाने घरोघरी जाऊन ती गोळा करायची, आणि घरोघरी गेल्यावर त्या माणसांना लोकांची खरी अवस्था कळायला लागली, कोण अडचणीत आहे, कोण घसरलंय. कर्ज बाजूलाच राहिलं आणि त्यातून त्यांचे छोटे गट उभे राहिले. मावशींची वही मला त्यातलीच वाटते. बुधवारचा आमचा ऑनलाइन गटही बरा चालतो, आठ जण आहोत, त्यातल्या तिघी माझ्यासारख्याच घरी कोणाला तरी सांभाळणाऱ्या, त्यांच्याशी रात्री उशिरा मेसेजवर बोलता येतं. बाकावर बसून या तिघी मला कधी भेटल्या नसत्या हेही खरं.

पाळकसाहेबांबद्दल एक लिहायचं होतं. कॅमेरा आल्यापासून त्यांच्यावरचा ताण घरून दिसतो, कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ असतो. लोक त्यांचा संदेश संपला की जगातल्या मोठमोठ्या वक्त्यांचे व्हिडिओ लावतात आणि तुलना करतात, काहीजण चॅटमध्ये लिहितातसुद्धा. अमेरिकेत बार्ना संस्थेच्या मार्च 2022 च्या पाहणीत 42 टक्के पाळकांनी सांगितलं होतं की गेल्या वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडायचा गंभीर विचार मनात आला, आणि कारणांमध्ये ताण होता, एकटेपणा होता. प्रेषितांची कृत्ये विसाव्या अध्यायात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतोय आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून पडतो, तर पौल बोलणं थांबवून खाली उतरतो, त्याला कवटाळतो, मग वर जाऊन भाकर मोडतो आणि परत पहाटेपर्यंत बोलतो. पाळकाचं काम मला त्या जिन्यावर दिसतं. खाली कोण पडलंय हे कळलं तर आमचेही धावत येतात, हे मी अनुभवलंय. पण स्क्रीनवरून कोण पडलं हे त्यांना कळत नाही, त्यांना फक्त आकडा दिसतो, 140 जण बघतायत, आणि त्यातला एक जण कमी झाला तर आकडा 139 होतो, बस. योहान आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी लिहितो की बरंच लिहायचं आहे पण कागद आणि शाई नको, समोरासमोर बोलू म्हणजे आपला आनंद पूर्ण होईल. त्याने तरी पत्र लिहिलंच, लिहिणं सोडलं नाही. फक्त पत्राला भेट म्हटलं नाही.

स्टार द्यायचे तर संदेश आणि ऐकू येण्याच्या सोयीला पाच, चित्राला पाच, छोट्या गटाला चार, गाण्याला सुरुवातीला एक, प्रार्थनेच्या फॉर्मला शून्य. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांनी नक्की वापरा, पण वापरायला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात चर्चला फोन करून सांगा की आम्ही येऊ शकत नाही, तुम्ही या.

गाण्याला सुरुवातीला एक म्हटलं, कारण मध्यंतरी बदल झाला. दहाव्या महिन्यात मी मीडिया टीमला लांबलचक मेल लिहिला, मंडळीचा आवाज येत नाही म्हणून. ती सगळी कॉलेजची मुलं, बिनपगारी राबतात, मला वाटलं चिडतील. त्यांनी तीन आठवड्यांनी छताला दोन माइक टांगले, थेट बाकांवर, आणि त्यांचा आवाज फक्त स्ट्रीमला सोडला, हॉलच्या स्पीकरला नाही, नाहीतर शिट्टी वाजते. त्या रविवारी पहिल्यांदा खोकला ऐकू आला, बाळाचं रडणं, बाक सरकल्याचा आवाज, पुस्तकाची पानं. मग गीत सुरू झालं आणि मागून तो सगळ्यांचा मिळून एक आवाज आला, थोडा पुढेमागे, थोडा बेसूर. आमच्याकडे एक काका आहेत, चौथ्या बाकावर बसतात, प्रत्येक ओळ अर्धा ठोका उशिरा उचलतात, क्वायरला त्यांनी आयुष्यभर त्रास दिलाय. आई डोळे मिटून पडली होती. दुसऱ्या ओळीला तिने डोळे उघडले आणि म्हणाली, अगं, ते अजून आहेत की. आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्याच उशिराने, गायला लागली. मी घड्या बाजूला ठेवल्या आणि माझी आल्टोची ओळ धरली.

फॉर्मचं बटण अजून तीन क्लिक आतच आहे. त्याबद्दलचा मेल परवा पाठवलाय.